साडेचारला काम सोडलं

मामांचा फोन आला तेव्हा मी सायलीच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. ताप नव्हता, पण हात ठेवायची सवयच लागली होती. पहिल्या वाढदिवसाच्या आधी तिला तापात एकदा आकडी आली आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक आवाज मी तिच्यासाठी ऐकायला लागले. मिक्सर लावला की मध्येच बंद करून कानोसा घ्यायचा. नळ जोरात सोडायचा नाही. ती रडली की ते भुकेचं आहे, झोपेचं आहे की भीतीचं, हे मला भिंतीपलीकडून कळायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, अशी कान टवकारून राहिलीस तर तूच आजारी पडशील."

"वकीलबाई," मामा फोनवर नेहमीसारखे ओरडत होते, "म्हाळसाची तारीख हाय. उलटतपासणी. येशील का?"

"मामा, सायली लहान आहे अजून."

"काय? मोठ्यानं बोल."

"सायली लहान आहे म्हटलं."

"मंग तिला बी घेऊन ये. मुमताज सांभाळंल. मला तोंड हाय, नुसतं कान न्हाईत. तू माझं कान व्हऊन शेजारी बस. एकच तारीख."

मामा म्हणजे अ‍ॅडव्होकेट अयुब तांबोळी. यवतचे. त्यांना कुणी साहेब म्हटलेलं मी फक्त कोर्टात ऐकलं. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत साखर कारखान्यापासून ते एमआयडीसीपर्यंत ज्याची म्हणून नोकरी गेली, तो त्यांना मामाच म्हणायचा. माझे वडील ज्ञानदेव त्यातलेच. ते कारखान्यात हंगामी होते. गाळप चालू असेपर्यंत पगार, हंगाम संपून पट्टा पडला की केंदूरला घरी. वडील आणि त्यांच्याबरोबरची माणसं कायम व्हावीत म्हणून मामा कितीतरी वर्षं भांडले. मी शाळेत होते तेव्हा निकाल लागला. वडील दारातूनच म्हणाले, "झालो कायम," आणि आई चुलीपुढं बसून रडली. वकिली म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. एवढं कळलं की कुठलातरी माणूस यवतला बसून असं काहीतरी करतो, ज्यानं आपली आई रडते आणि ते रडणं चांगलं असतं.

पुण्यात एलएलबी झाल्यावर मी सरळ त्यांच्याकडे गेले. ऑफिस हायवेला, टायरच्या दुकानाच्या वर. खाली रिम ठोकायला लागले की वर टेबलावरचा चहा हलायचा. तीन लांब बाकं होती. संध्याकाळी माणसं पाळी सुटली की तशीच यायची. कारखान्यातल्यांच्या कपड्यांना मळीचा वास असायचा. रांजणगावकडची पोरं ओळखपत्र खिशात लपवून यायची, कुणी बघायला नको म्हणून. बाई आली की मामा स्वतः उठून तिला पंख्याखालची जागा द्यायचे. शिरूरच्या बाजाराच्या दिवशी ते स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचे आणि कोपऱ्यातलं टेबल हेच त्यांचं शिरूरचं ऑफिस. मालक म्हणायचा, "मामा, तुमची गिऱ्हाइकं चहा एक घेत्यात आन् खुर्ची चार तास." मामा म्हणायचे, "मंग तुझं नाव बी युनियनमध्ये घालू का? खुर्चीवर बसायचा हक्क मागू."

साक्षीदाराला उत्तरं शिकवायची नाहीत, हा त्यांचा नियम. कोर्टात जायच्या आधी ते साक्षीदाराला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "उठल्यापासनं सांग." तो माणूस मग गाय, धार, सायकल पंक्चर, सगळं सांगायचा. मी घड्याळ बघायची. मामा मात्र गोष्ट ऐकावी तसे ऐकायचे. एकदा मी विचारलं, कामाचं तेवढंच विचारलं तर नाही का चालणार? ते म्हणाले, "अगं, खरं बोलायची बी सवय लागती. कोर्टात उभं राहिलं की खरं बोलणाराची बी जीभ अडखळती. हितं एकदा सांगून झालं की तिथं सोपं जातं."

ती वर्षं मला आता फार आठवतात. मोटारसायकलवर मागं बसून न्हावऱ्याच्या रस्त्यानं यायचं, उसाच्या गाडीमागं अडकायचं, मामांनी हॉर्न न वाजवता वाट बघायची. "त्यो बी कामावरच हाय," म्हणायचे. तेव्हा मला कशाची भीती वाटत नसे. भीती कशी असते ते सायली झाल्यावर कळलं.

तारखेच्या दिवशी सकाळी मी यवतला उतरले. पिशवीत थर्मामीटर, तापाचं औषध, दोन झबली, आणि सगळ्यांच्या खाली काळा कोट. टायरचं दुकान गेलं होतं, तिथं मोबाईलचं झालं होतं. वर ऑफिसात एकच बाक उरलं होतं. मुमताजमामींनी सायलीला घेतलं आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "मशीन लगाओ कान को. बच्ची आई है, उसका रोना तो सुनो."

"मशीन शिट्टी मारती," मामा म्हणाले. "जज म्हनंल, वकील शिट्ट्या मारतोय."

म्हाळसा आणि तिचा नवरा संपत खालच्या टपरीवर बसले होते. म्हाळसा हायवेच्या कडेच्या एका पॅकिंगच्या कंपनीत होती. बायकांनी युनियनच्या अर्जावर अंगठे-सह्या केल्या आणि त्यानंतर एकेकीचं हजेरीचं कार्ड बंद झालं. बाकीच्यांनी दुसरीकडे काम धरलं. म्हाळसा मामांकडे आली. कंपनीचं म्हणणं एकच होतं : आम्ही काढलं नाही, बाई स्वतःच काम सोडून गेली. म्हणजे सगळी केस एवढ्यावर उभी होती, की तिला काढलं की तिनं सोडलं. तिनं सोडलं असं ठरलं तर तिची नोकरी गेली ती गेलीच.

"उठल्यापासनं सांग," खाली उतरल्यावर मामा म्हणाले.

म्हाळसानं सांगितलं. मी मोठ्यानं त्यांच्या कानात सांगत गेले. संपत मध्येच म्हणाला, "मामा, घाबरू नका. घरी हिची उलटतपासणी मला अजून जिंकता आली न्हाई."

"तू गप. कोर्टात तुला विचारनार न्हाईत."

"घरी तरी कोन इचारतंय?"

म्हाळसा हसली, पण चहा तसाच ठेवला. मला म्हणाली, "ताई, काय चुकलं तर?"

"खरं तेच सांगा. बाकी आम्ही आहोत," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण माझं लक्ष सायली मामींच्या खांद्यावर शांत आहे का याकडे होतं.

संपतनं मित्राची जीप आणली होती. पुण्यात लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात मामी सायलीला घेऊन बाकावर बसल्या. मी दोनदा आत गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा मामी म्हणाल्या, "अनू, जा आता. मी चार वाढवलीत."

केसमध्ये मामांबरोबर माझंही वकीलपत्र पूर्वीपासून होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, तो कान जरा बरा होता. काय बोललं जातंय ते त्यांच्या कानात सांगायचं, एवढंच काम.

कंपनीचे वकील तरुण होते, गोड बोलणारे. असले वकील मामांना आवडायचे नाहीत. ओरडणाऱ्यापुढं साक्षीदार जागा राहतो, म्हणायचे.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला कुणी धक्के मारून बाहेर काढलं का?"

"न्हाई वो. धक्के कशाला मारत्याल?"

"कुणी वाईटसाईट बोललं?"

"त्या दिवशी न्हाई."

"म्हणजे तुम्ही आपल्या पायांनी गेटबाहेर आलात."

"मंग कुनाच्या पायांनी येऊ?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश मॅडमही हसल्या. म्हाळसाचे खांदे सैल झाले. मामांना शब्द कळले नाहीत, पण सगळे हसताहेत हे दिसलं आणि तेही हसले.

"बरं. त्या दिवशी काम किती वाजता सोडलंत?"

"साडेचारला सोडलं."

"काम सोडलं हे खरं आहे तर."

"व्हय की. साडेचारलाच सोडलं. तिथं घड्याळ हाय."

वकील थांबले. मॅडमनी टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली, "हे म्हणणे खरे आहे की, मला कोणीही धक्के मारून बाहेर काढले नाही. हे म्हणणे खरे आहे की, त्या दिवशी मी काम सोडले."

की-बोर्ड वाजला. आणि त्याच वेळी बाहेर सायली रडली.

ते भुकेचं नव्हतं. दचकल्याचं होतं. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. मामांनी माझी बाही ओढली, "काय म्हनली? काय म्हनली?" मला एकाच वेळी दोन्ही ऐकू येत होतं, बाहेरचं रडणं आणि आतला तो की-बोर्ड. आमच्याकडे शेतावर कांदे काढणाऱ्या बायका पाचला काम सोडतात. गवंडी सहाला काम सोडतो. माझी आई अजून विचारते, तुझा नवरा किती वाजता काम सोडतो. सगळे दुसऱ्या दिवशी परत कामावर जातात. म्हाळसानं सुट्टी किती वाजता झाली ते सांगितलं होतं. कागदावर मात्र तिनं राजीनामा दिला होता. त्यातलं साडेचारही गळालं होतं.

आकडी आली असती तर रडणं असं सलग आलं नसतं, हे मी स्वतःला सांगितलं. आणि उभी राहिले.

"मॅडम, साक्षीदारानं वेळ सांगितली आहे. 'साडेचारला सोडलं' असं त्या दोनदा म्हणाल्या. वेळेसकट नोंद व्हावी."

"वेळेनं काय फरक पडतो?" कंपनीचे वकील म्हणाले.

"फरक पडत नसेल तर घालायला हरकत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग टंकलेखकाकडे. "साडेचार वाजता, असं घाला."

मी खाली वाकून मामांच्या कानात सांगितलं, "काम सोडलं म्हणाली."

त्यांचं हसू गेलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या घरीही काम असंच सोडलं जायचं. "इचार तिला," ते म्हणाले. त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "काम सोडलं म्हंजी काय केलं, ते इचार."

"वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या, "प्रश्न कोण विचारणार ते ठरवा. आणि उलटतपासणी संपू द्या."

उलटतपासणी लवकर संपली. कंपनीच्या वकिलांना हवं ते मिळालं होतं. मी फेरतपासणीची परवानगी मागितली. उत्तरातला एक शब्द स्पष्ट व्हायला हवा, एवढंच कारण सांगितलं. ते उभे राहिले, "उत्तर स्पष्टच आहे." मॅडम म्हणाल्या, "मग पुन्हा ऐकायला काय हरकत आहे? बसा."

बाहेरचं रडणं थांबलं होतं. का थांबलं ते कळत नव्हतं.

"म्हाळसाबाई, साडेचारला काम सोडलं म्हणजे नेमकं काय केलं?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ताई, हे काय विचारता. "हातमोजं काढलं. टोपी काढली. पंच केलं. भायेर आले."

"इतर दिवशी काम किती वाजता सोडायचात?"

"रोजच साडेचारला. सकाळची पाळी हाय ना आमची."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी गेले की. डबा घेऊन गेले. वॉचमन म्हनला, मावशी, तुझं कार्ड लागत न्हाई, वरनं बंद केलंय. म्हनलं, पुन्हा लाव. त्यानं तीनदा लावलं. मंग म्हनला, जा घरी." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तवा त्यांनी सोडलं. म्या न्हाई."

मॅडम टंकलेखकाला सावकाश सांगायला लागल्या, "मी दररोज साडेचार वाजताच काम सोडत असे. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले असता माझे कार्ड बंद केलेले होते." प्रत्येक शब्द टंकित होईपर्यंत मी उभीच होते. मग मात्र धावत बाहेर आले.

सायली मामींच्या मांडीवर किल्ल्यांचा जुडगा चोखत होती. एक कबूतर अंगावरून उडालं म्हणे, म्हणून रडली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गाल, मान, तळवे, सगळं बघितलं. मामींनी किल्ल्या काढून घेतल्या आणि पदरानं पुसल्या.

मामा उशिरा बाहेर आले. आले आणि बाकावर बसून राहिले.

"मी हसलो," ते म्हणाले. "समदी हसली म्हनून मी बी हसलो. आन् तिकडं पोरीची नोकरी चालली व्हती."

"मामा, झालं ना नीट."

"पयलं कोर्टात बसलो की मागच्या बाकावर कोन कुजबुजतंय ते बी कळायचं. तुझ्या बापाच्या केसला समोरच्या वकिलानं त्याच्या अशिलाला हळूच सांगितलं व्हतं, हंगामी शब्द टाळा. मी तिथून ऐकलं आन् त्याच शब्दावर धरलं त्यास्नी." ते स्वतःशीच हसले. "काय दिवस व्हते. शंभर-शंभर माणसं यायची तारखेला. ट्रक करून. आता एक म्हाळसा आन् तिचा नवरा."

संपत चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, "मामा, मी एकटाच शंभराला भारी हाय, हिला इचारा."

"पिण्यात," म्हाळसा म्हणाली.

"चहा पिण्यात म्हन. लोकांत अब्रू घालवू नको."

मामांनी कप घेतला. मला म्हणाले, "माझ्या बाकीच्या केसेस तू बघ."

मी हो म्हणाले नाही. सायलीचं औषध, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची बदलती पाळी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. पण नाहीही म्हणाले नाही. "म्हाळसाचा युक्तिवाद मी करते," एवढंच म्हणाले.

तो केला. सायलीला घेऊनच आणखी काही तारखांना गेले. दिवाळीच्या सुमारास निकाल आला. बाईनं काम सोडल्याचं शाबीत होत नाही, तिला पूर्वीच्याच कामावर परत घ्यावं. कंपनीनं वरच्या कोर्टात जायची भाषा केली, पण गेली नाही. एके दिवशी संपतचा फोन आला, "ताई, सोमवारपासनं या म्हनत्यात. पन ती म्हनती, मामा आल्याबिगर गेटात पाय टाकनार न्हाई."

सोमवारी सकाळी गेटवर गेलो. मामांनी काळा कोट घातला होता. कोर्ट नव्हतं, तरी घातला होता. मामींनी तो इस्त्री करून दिला होता. म्हाळसानं वेणी घट्ट घातली होती, डबा दोन्ही हातांत धरला होता. संपत म्हणाला, "आता पगार झाला की मला काढून टाकू नको." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुझं कार्ड चालू हाय अजून."

वॉचमननं तिचं नवं कार्ड लावलं. मशीनवर हिरवा दिवा लागला. ती आत गेली.

सकाळच्या पाळीच्या बसा येत होत्या. त्यातून ठेकेदाराकडची परप्रांतातली पोरं उतरत होती, हिंदीत काहीबाही बोलत, झोपेतच असल्यासारखी. त्यांच्यातल्या कुणाला मामा कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. एक जण म्हणाला, "चाचा, जरा साइड में." मामा बाजूला झाले. माझ्या कडेवर सायली होती. गार वारं होतं, मी तिची टोपी ओढून घेतली.

"अनुपमा," मामा म्हणाले, "आत काय असतं गं?"

"कुठं?"

"कंपनीत. मी हितपतूरच आलोय सगळ्या जिंदगीत. कारखाना असो, एमआयडीसी असो. गेटपतूर. आत कधी कुनी घेतलंच न्हाई मला." ते मान उंच करून बघत होते. आतला रस्ता, पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही बाजूंना कुंड्या, आणि पुढं निळी शेड. त्याच्या पलीकडे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. "किती माणसं आत पाठवली असतील. पन ती आत जाऊन काय बघत्यात, ते काय म्या बघितलं न्हाई."

"पट्टा असतो, मामा. त्याच्यावरून खोकी येतात. म्हाळसानं सांगितलं होतं ना."

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "समद्यांनीच सांगितलं. उठल्यापासनं."

पाळीचा भोंगा झाला. कुंड्यांच्या कडेनं म्हाळसा भराभर चालली होती. शेडपाशी पोचली, दाराशी वाकून चपला काढल्या, आणि दिसेनाशी झाली.

"वळून बघितलं का तिनं?" मामांनी विचारलं. एवढ्या लांबचं त्यांना आता दिसतही नव्हतं.

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. "लेट मार्क लागला असता."